‘जणू’ला नकार : कॅल्सिडनच्या सूत्राचं एक परीक्षण



आज आपण एका वाक्याचं परीक्षण करणार आहोत. हे वाक्य ग्रीक भाषेतलं आहे, चांगलं लांबलचक आहे, आणि 451 सालच्या ऑक्टोबर महिन्यात कॅल्सिडन इथे भरलेल्या धर्मपरिषदेने ते मंजूर केलं. कॅल्सिडन म्हणजे आजच्या इस्तंबूलमधला, सामुद्रधुनीच्या आशियाई काठावरचा कादिकॉय हा भाग. पाचशेच्या आसपास बिशप तिथे जमले होते. येशू ख्रिस्त पूर्ण देव आहे आणि पूर्ण मनुष्यही आहे, आणि तरी तो एकच आहे, असं हे वाक्य म्हणतं. कॅथलिक, पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ आजही तेच प्रमाण मानतात.

ही श्रद्धा खरी की खोटी, हा आजचा प्रश्न नाही. तो ज्याचा त्याने सोडवायचा. आपण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांसारखे तीन प्रश्न विचारू. वाक्य नेमकं काय म्हणतं? ते स्वतःशी सुसंगत आहे का? आणि ते मोडलं, तर त्याबरोबर काय मोडतं? आम्हांला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो विचारल्याशिवाय हा सगळा वाद म्हणजे शब्दांचा कीस आहे असं वाटत राहतं.

आधी शब्द बघू. मराठीत आपण ‘दोन स्वभाव’ असं भाषांतर करतो आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. आपल्या बोलण्यात स्वभाव म्हणजे प्रकृती, वृत्ती. ‘त्याचा स्वभाव तापट आहे’ असं आपण म्हणतो. मग दोन स्वभावांचा माणूस म्हणजे सकाळी शांत आणि संध्याकाळी चिडका, असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. मूळ ग्रीक शब्द ‘फिसिस’. एखादी गोष्ट ज्यामुळे ती गोष्ट आहे, ते तिचं असणं, असा त्याचा इथला अर्थ. दुसरा शब्द ‘हिपोस्टॅसिस’. त्याचं भाषांतर आपण ‘व्यक्ती’ असं करतो. या दोन शब्दांतला फरक मराठीत सोपा करून सांगायचा तर दोन प्रश्नवाचक सर्वनामं पुरेत : ‘कोण’ आणि ‘काय’. येशू कोण आहे, याला सूत्राचं उत्तर एक : देवाचा पुत्र. तो काय आहे, याला उत्तरं दोन : देव आणि मनुष्य. ‘कोण’ एकच, ‘काय’ दोन. संपूर्ण सूत्राचा सांगाडा एवढाच आहे.

आता हे म्हणायची वेळ का आली? 325 साली निकिया इथे ठरलं होतं की पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे. एरियस म्हणत होता तसा तो देवाने निर्माण केलेला श्रेष्ठ जीव नव्हे. हे ठरलं आणि पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला. खरा देव जर खरोखर मनुष्य झाला असेल, तर त्या मनुष्यपणात किती मनुष्य आहे? लाओदिकियाचा अपोलिनॅरिस म्हणाला, शरीर मनुष्याचं, पण बुद्धीच्या जागी देवाचा शब्द. युक्ती सोपी होती. 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने ती नाकारली. का नाकारली, ते नाझियान्झसच्या ग्रेगरीने एका पत्रात स्पष्ट केलं होतं. त्याचा मुद्दा वैद्यकीय वळणाचा आहे. ख्रिस्ताने माणसाचा जो भाग आपला केला नाही, तो बरा झाला नाही. माणसाची बुद्धीच तर बिघडलेली. ती सोडून नुसतं शरीर घेतलं, तर रोग जिथे आहे तिथे औषध पोहोचलंच नाही.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक भांडणात तो परत येतो.

428 साली नेस्टोरियस कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला. मरियेला ‘देवमाता’ म्हणू नये, असं त्याचं म्हणणं. देव जन्मत नाही, दूध पीत नाही, मरत नाही. मग देवाला आई कशी? तिला ‘ख्रिस्तमाता’ म्हणा. अलेक्झांड्रियाचा सिरिल यावर उसळला. त्याचा प्रतिप्रश्न असा की, मग क्रुसावर होता तो कोण? देव नव्हता तर देवाशी जवळीक असलेला एक सज्जन मेला, एवढंच झालं. 431 साली इफिससच्या परिषदेत नेस्टोरियस पदच्युत झाला. त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. कॉन्स्टँटिनोपलचा एक वयोवृद्ध मठाधिपती, युटिकीस, म्हणू लागला की संयोगापूर्वी दोन स्वभाव होते, संयोगानंतर एकच. मग त्या एकात मनुष्यपण उरलं की विरघळलं? रोमचा पोप लिओ याने 449 साली यावर एक दीर्घ पत्र लिहिलं आणि दोन्ही स्वभाव शाबूत आहेत असं ठासून सांगितलं. त्याच वर्षी इफिससला पुन्हा परिषद भरली. तिने लिओचं पत्र वाचूसुद्धा दिलं नाही, युटिकीसला मोकळं केलं आणि त्याला दोषी ठरवणाऱ्या बिशप फ्लेव्हियनलाच पदच्युत केलं. त्यानंतर थोड्याच काळात फ्लेव्हियन मरण पावला. लिओने त्या सभेला लुटारूंची सभा म्हटलं.

या पार्श्वभूमीवर कॅल्सिडन भरलं. तिथल्या कामकाजातली एक गोष्ट मराठी माणसाला पटकन समजेल अशी आहे. पहिला मसुदा आला त्यात ‘दोन स्वभावांतून’ असं होतं. बहुसंख्य बिशपांना तो मान्य होता. रोमचे प्रतिनिधी अडून बसले, परत जायची भाषा करू लागले. सम्राटाच्या अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप केला, मसुदा बदलला, आणि ‘दोन स्वभावांत’ असं झालं. आपल्या भाषेत ‘-तून’ आणि ‘-त’ एवढाच फरक. पण विचार करा. ‘दुधातून दही झालं’ असं म्हटलं की दूध आता नाही. ‘दुधात साखर आहे’ म्हटलं की दूधही आहे, साखरही आहे. ‘-तून’ म्हटलं तर युटिकीसला पळवाट राहते : होते दोन, आता एक. ‘-त’ म्हटलं की दोन्ही आजही आहेत. अर्थात साखरेची उपमाही अपुरीच, कारण साखर विरघळते, आणि सूत्राला विरघळणं मान्य नाही.

म्हणूनच सूत्राच्या मध्यभागी चार क्रियाविशेषणं येतात. मराठीत त्यांचा आशय असा : न मिसळता, न बदलता, न विभागता, न तुटता. पहिली दोन युटिकीसच्या विरोधात, नंतरची दोन नेस्टोरियसच्या विरोधात. ग्रीकमध्ये हे चारही शब्द ‘अ’ या नकारार्थी उपसर्गाने सुरू होतात, आणि तो ‘अ’ आपल्या संस्कृतातल्या ‘अ’चा सख्खा भाऊ आहे. म्हणजे ज्या ठिकाणी दोन स्वभाव एकत्र कसे, हे सांगायला हवं, नेमकं त्याच ठिकाणी सूत्र चार वेळा ‘नाही’ म्हणतं. कसे ते सांगत नाही. कसे नव्हे ते सांगतं.

काही टीकाकार याला पळपुटेपणा म्हणतात. आम्हांला तसं वाटत नाही. शेताला कुंपण घालणारा शेतात काय पेरावं हे सांगत नाही, पण जनावरं कुठून शिरतात हे त्याला ठाऊक असतं. मात्र कुंपणाची एक कसोटी असते. ज्याला बाहेर ठेवायचं, ते खरोखर बाहेर राहिलं का?

इथे आम्ही आमचा मुख्य मुद्दा मांडतो. कॅल्सिडनला बाहेर ठेवायचा होता एक छोटासा शब्द : ‘जणू’. ख्रिस्ती विचाराच्या अगदी सुरुवातीपासून एक मत होतं की ख्रिस्त जणू मनुष्य होता. तहान जणू लागली, वेदना जणू झाल्या. ग्रीकमधल्या ‘भासणे’ या क्रियापदावरून त्या मताला डोसेटिझम म्हणतात. आपण भासवाद म्हणू. आपल्याकडे अवताराची चर्चा करताना हा शब्द फार सन्मानाने येतो. गीताभाष्याच्या प्रस्तावनेत शंकराचार्य श्रीकृष्णाच्या जन्माबद्दल लिहिताना ‘इव’ वापरतात. ब्रह्म अविकारी, म्हणून जन्म ‘जणू’. त्यांच्या भूमिकेत ते पूर्ण सुसंगत आहे. रामानुजाचार्यांना हा ‘जणू’ मान्य नाही. त्यांच्या मते अवताराचं शरीर खरं आहे. पण ते प्रकृतीच्या गुणांनी घडलेलं नाही, कर्मामुळे मिळालेलं नाही, म्हणजे तुमच्या-आमच्या शरीराच्या जातीचं नाही. कॅल्सिडन या दोघांपेक्षा वेगळं काहीतरी म्हणतं. ते म्हणतं की ख्रिस्त देवपणाने पित्याशी एकतत्त्व आणि मनुष्यपणाने आपल्याशी एकतत्त्व, पाप सोडून सर्व बाबतींत आपल्यासारखा. म्हणून ख्रिस्ताला सरसकट ‘अवतार’ म्हणणाऱ्यांनी, मग ते हिंदू असोत की ख्रिस्ती, थोडं थांबावं. शब्द ओळखीचा आहे, पण त्याच्याबरोबर ‘जणू’ आत येऊ शकतो.

आता कुंपणाची कसोटी घेऊ. मार्कच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात येशू सांगतो, की अखेरचा दिवस कधी येणार हे पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे. देव सर्वज्ञ. येशू देव. येशूला ठाऊक नाही. ही तीन विधानं एका टोपलीत कशी ठेवायची?

ऑगस्टीनने दिलेलं उत्तर असं, की ‘ठाऊक नाही’ म्हणजे शिष्यांना सांगण्यासाठी ठाऊक नाही. तो ते उघड करत नाही. ऑगस्टीनबद्दल आम्हांला मोठा आदर आहे, पण हे उत्तर आम्हांला पटत नाही. ठाऊक असून ‘ठाऊक नाही’ म्हणणाऱ्याला आपण अज्ञानी म्हणत नाही, दुसरंच काहीतरी म्हणतो. इथे ‘जणू’ पुढच्या दाराने आत आला.

दुसरं उत्तर जास्त प्रचलित आहे : देव म्हणून त्याला ठाऊक आहे, मनुष्य म्हणून ठाऊक नाही. ऐकायला नेटकं. पण ‘म्हणून’ हा शब्द किती भार पेलतो ते तपासा. समजा, एका न्यायाधीशाने आपल्या गॅलरीतून रस्त्यावरची मारामारी पाहिली. उद्या तो खटला त्याच्यासमोर आला, तर तो म्हणेल, न्यायाधीश म्हणून मला यातलं काही माहीत नाही, जो पुरावा येईल तेवढंच. ठीक. पण त्या माणसाला माहीत आहे की नाही? आहे! ‘न्यायाधीश म्हणून’ ने त्याच्या डोक्यातली माहिती पुसली नाही. ती वापरायला मनाई केली. तसंच येशूचं असेल, तर त्याचं न जाणणं हे न वापरणं झालं. ‘कोण’ एकच असेल, तर त्या एकाला ठाऊक आहे की नाही, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

1977 साली लंडनहून जॉन हिक यांनी संपादित केलेला एक गाजलेला लेखसंग्रह निघाला, देहधारणेला मिथक म्हणणारा. त्यात हिक यांचा आक्षेप असा, की एकच जण देव आणि मनुष्य आहे म्हणणं हे वर्तुळ चौरस आहे असं म्हणण्यासारखं निरर्थक आहे. यावर हर्बर्ट मॅकेब या डॉमिनिकन विचारवंताने दिलेलं उत्तर आम्हांला नेमकं वाटतं. वर्तुळ आणि चौरस एकाच पाटीवर जागेसाठी भांडतात, कारण दोन्ही आकार आहेत. माणूस आणि मेंढी एकमेकांना वगळतात, कारण दोन्ही प्राणी आहेत. पण देव हा जगातल्या वस्तूंच्या यादीतली आणखी एक वस्तू नाही, मग तो मनुष्यपणाशी जागेसाठी भांडेल कशाला? आम्ही याला एवढीच पुस्ती जोडू, की या उत्तराने निरर्थकतेचा आरोप टळतो, पण मार्कचा तेरावा अध्याय सुटत नाही. तार्किक अशक्यता नाही हे दाखवणं वेगळं, आणि एका माणसाच्या जगण्यात हे कसं दिसेल ते दाखवणं वेगळं.

हे दाखवायचा सर्वांत गंभीर प्रयत्न सातव्या शतकात झाला, आणि तो करणारा माणूस बिशप नव्हता, साधा मठवासी होता. त्याचं नाव मॅक्झिमस. तेव्हा पूर्व रोमन साम्राज्य आधी इराणच्या आणि मग अरबांच्या आक्रमणांनी खिळखिळं झालं होतं. इजिप्त आणि सीरियातल्या कॅल्सिडन न मानणाऱ्या प्रजेला जवळ आणण्यासाठी सम्राट हेराक्लियसने 638 साली एक तोडगा जाहीर केला : स्वभाव दोन म्हणा, पण ख्रिस्ताची इच्छाशक्ती एकच म्हणा. पुढे 648 साली कॉन्स्टन्स दुसरा याने तर इच्छा एक की दोन, ही चर्चाच बंद करण्याचा हुकूम काढला. राजकारणाच्या दृष्टीने यात गैर काय? राज्य वाचवायचं आहे, मठवासी कशाला हट्ट धरतोय?

मॅक्झिमस बोट ठेवतो गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेवर. मरणाच्या आदल्या रात्री येशू विनवतो की हा प्याला टळो, आणि मग पित्याची इच्छा स्वीकारतो. इच्छा एकच, आणि तीही देवाची असेल, तर ही विनवणी कोण करतंय? मग ती प्रार्थना नाटक ठरते, शिष्यांना धडा म्हणून वठवलेलं. मॅक्झिमसचं म्हणणं, मरणापासून मागे सरणं हे माणसाच्या इच्छाशक्तीचं नैसर्गिक लक्षण आहे, त्यात पाप नाही. त्या बागेत माणसाचीच इच्छा मागे सरली, आणि माणसाच्याच इच्छेने होकार दिला. होकार देवाने माणसाच्या वतीने परस्पर दिला असता, तर ग्रेगरीचा तो जुना मुद्दा पुन्हा उभा राहतो : माणसाचं जे मोडलंय ते म्हणजे त्याची इच्छा, आणि तीच सोडून दिली तर बरं काय केलं?

662 साली, ऐंशीच्या घरातल्या मॅक्झिमसची जीभ आणि उजवा हात तोडून त्याला काळ्या समुद्रापलीकडे लाझिकात हद्दपार केलं. त्याच वर्षी तो वारला. 680-81 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने दोन इच्छांचा सिद्धान्त मान्य केला.

आमच्या मते कॅल्सिडनचं वाक्य तोपर्यंत अर्धवट होतं. त्यात दोन ‘काय’ शेजारी शेजारी ठेवले होते, पण मनुष्यपणाला स्वतःची हालचाल दिली नव्हती. मॅक्झिमसने ती दिली, आणि त्यामुळे मार्कच्या तेराव्या अध्यायाकडेही वेगळ्या नजरेने पाहता येतं. माणसाची इच्छा खरी असेल, तर माणसाचं मनही खरं असायला हवं. आणि माणसाचं मन म्हणजे ज्याला सगळं ठाऊक नसतं, जे शिकतं. लूक तर सांगतोच की तो मुलगा ज्ञानाने वाढत गेला. आमच्या काळात थॉमस मॉरिस यांनी 1986 च्या आपल्या पुस्तकात ‘दोन मनं’ हा सिद्धान्त याच दिशेने मांडला : दैवी मनाला मानवी मन पूर्ण उघडं, पण मानवी मनाला दैवी मन तेवढंच, जेवढं दिलं जाईल. दोन मनं म्हटलं की दोन व्यक्ती होतात, म्हणजे पुन्हा नेस्टोरियस, अशी शंका यावर घेतात. ती रास्त आहे, आणि मॉरिस यांच्या उत्तरांनी ती पूर्ण फिटते असं आम्ही म्हणणार नाही. पण त्यांच्या मांडणीत न जाणणं खरोखरचं न जाणणं राहतं, आणि आमच्या कसोटीला ते उतरतं.

आता सूत्राचे दोष. पहिला तार्किक. ‘एकतत्त्व’ हा शब्द ते एका दमात दोनदा वापरतं : पित्याशी एकतत्त्व, आपल्याशी एकतत्त्व. पण तुम्ही आणि आम्ही मनुष्यपणाने एकतत्त्व आहोत म्हणजे एकाच जातीचे आहोत. माणसं मात्र अनेक. पिता-पुत्रांबद्दल तसंच म्हणावं तर देव अनेक होतात. म्हणजे शब्द तोच, अर्थ दोन, आणि वाक्य त्याची दखल घेत नाही.

दुसरा दोष जास्त महाग पडला. ‘फिसिस’ आणि ‘हिपोस्टॅसिस’ या शब्दांची व्याख्या सूत्राने केली नाही, आणि सिरिलच्या परंपरेत ‘एक फिसिस’ याचा अर्थ जवळपास ‘एक व्यक्ती’ असाच होता. इजिप्त, सीरिया आणि आर्मेनियातल्या चर्चनी कॅल्सिडन नाकारलं ते युटिकीसचे अनुयायी होते म्हणून नव्हे. तेही युटिकीसला दोषीच मानतात. शब्द न उलगडता सम्राटाच्या शिक्क्याने लादले, म्हणून दुरावा पडला. ती फूट आपल्या केरळातही आहे. मलंकरा ऑर्थोडॉक्स कॅल्सिडन मानत नाहीत. त्रिशूरचं कॅल्डियन सिरियन चर्च हे इफिससची 431 ची परिषद न मानणाऱ्या पूर्वेच्या असिरियन चर्चचं अंग आहे. 1973 साली पोप पॉल सहावे आणि कॉप्टिक पोप शेनूदा तिसरे यांनी, आणि 1994 साली पोप जॉन पॉल दुसरे आणि असिरियन चर्चचे मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त निवेदनांवर सह्या केल्या. दोन्हींचा आशय असा की शब्द वेगळे असले तरी ख्रिस्ताबद्दलची श्रद्धा एकच. पंधराशे वर्षांनी हे सांगावं लागणं, ही त्या सूत्रावरची सर्वांत कठोर टीका आहे.

आणि तरी आमचा निर्वाह सूत्राच्या बाजूने आहे. कारण तिसरा प्रश्न : ते मोडलं तर काय मोडतं? समजा, एखादी बाई आजारी मुलाच्या उशाशी बसून क्रुसाकडे पाहते आहे. तिचा विश्वास असा की देवाला हे दुःख आतून ठाऊक आहे. ‘तो देव नव्हता’ म्हटलंत, तर तिच्यासमोर एक दुर्दैवी सज्जन उरतो. ‘त्याला जणू दुखलं’ म्हटलंत, तर तिच्या दुःखाशी त्याचा संबंधच उरत नाही. तिचा विश्वास खरा आहे की नाही, हे तत्त्वज्ञान ठरवू शकत नाही. पण तो कशावर उभा आहे हे सांगू शकतं, आणि तो दोन्ही विधानांवर एकाच वेळी उभा आहे. सूत्राने त्यांतलं एकही सोपं करून टाकलं नाही. त्याचं भाष्य करणाऱ्यांनी मात्र अनेकदा केलं. तेव्हा पुढे कधी ‘देव म्हणून’ आणि ‘मनुष्य म्हणून’ अशी नेटकी वाटणी ऐकलीत, तर आत ‘जणू’ लपलाय का ते जरूर तपासून बघा.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.